कोणत्या कॉलेजात जाऊ? तीन कॉलेजं पाहिलेले नामदार गोखले



जून महिना आला की आमच्या छोट्याशा जिल्हा परिषद शाळेत माजी विद्यार्थी येऊन जातात. चौथीला शाळा सोडून आठ वर्षं झालेली असतात, उंची माझ्यापेक्षा जास्त झालेली असते, पण दारात चप्पल काढून आत यायची सवय तीच. यंदा शाळा उघडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी एक मुलगी वडिलांबरोबर आली. बारावी सायन्स, मार्क बरे, फार नाहीत आणि कमीही नाहीत. हातात गुणपत्रिका आणि वहीच्या पानावर लिहिलेली अकरा कॉलेजांची यादी. कोणी मावसभाऊ म्हणाला म्हणून एक, बसच्या पाठीमागे जाहिरात पाहिली म्हणून एक, वर्गातल्या मैत्रिणी चालल्या म्हणून एक. पुढे कशात शिक्षण घ्यायचं ते मात्र तिचं ठरलेलं नव्हतं. वडिलांचा प्रश्न सरळ होता. पोरीचं ठरेना, आणि आपल्याकडे तर कांद्याचे जेवढे पैसे आले तेवढेच आहेत, मग बाई, यातली कोणती कॉलेजं बघायची?

मी प्राथमिकची शिक्षिका. बेरीज-वजाबाकी शिकवणारी. पण असा प्रश्न घेऊन माणूस विश्वासाने दारात येतो तेव्हा हे माझं काम नाही असं म्हणवत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या दोघांना मी नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहिते आहे.

गोखले आपल्याला दोन ठिकाणी भेटतात. एक म्हणजे मूल्यशिक्षणाच्या तासाला. घरी दिलेलं गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं, गुरुजींनी कौतुक केलं, आणि छोटा गोपाळ रडायला लागला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी वर्गात सांगितलेली आहे. दुसरं म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात, गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून, एका ओळीत. या दोन्हींच्या मधली वर्षं, म्हणजे साधारण सोळा ते एकोणीस वय, आपण सोडूनच देतो. आणि आपल्या दहावी-बारावीच्या मुलांच्या उपयोगाची नेमकी तीच वर्षं आहेत. कारण त्या वयात या हुशार मुलाचंही पुढचं ठरलेलं नव्हतं.

पंधरा रुपयांतले आठ रुपये

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. हे त्यांचं आजोळ. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळ कागलला नोकरीला होते, आधी कारकून आणि पुढे फौजदार. घर खाऊन-पिऊन बरं, पण शिल्लक काही नाही. थोरला भाऊ गोविंद आणि धाकटा गोपाळ, दोघांना इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरला ठेवलं होतं.

१८७९ मध्ये वडील गेले. गोपाळ तेरा वर्षांचा, गोविंद अठराच्या आसपास. अशा वेळी घरात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गावातही असं एखादं घर असेल. दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. गोविंदाने शाळा सोडली आणि कागलला नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये तो कोल्हापूरला धाकट्या भावाला पाठवायचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त पगार भावाच्या शिक्षणाला, आणि उरलेल्या ७ रुपयांत घर.

पालकहो, हा ८ रुपयांचा आकडा लक्षात ठेवा. गोपाळने पुढे कोणत्या कॉलेजात जायचं, किती दिवस राहायचं, कधी सोडायचं, या प्रत्येक निर्णयाच्या मागे हे आठ रुपये आहेत. आपल्या मुलांना आपण भरपूर विचार कर, घाई नको असं सांगतो, पण विचार करायलाही महिन्याचे पैसे लागतात, मेस लागते, खोलीचं भाडं लागतं. ज्याच्या घरी पैसा आहे त्याने दोन वर्षं विचार केला तरी चालतं. कांद्याच्या पैशांवर शिकणाऱ्या मुलीला तेवढी मोकळीक नसते. तशी ती गोपाळलाही नव्हती. तो स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, तेल वाचवायला रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून वाचायचा, असं त्याच्या चरित्रांत सांगतात. त्यातलं दिव्याचं आपण मुलांना आवर्जून सांगतो. गोविंदाचं मात्र कोणी सांगत नाही, आणि मला दर वेळी वाटतं की धडा खरा त्याच्यावर हवा होता.

तीन कॉलेजं, एक विद्यापीठ

१८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिक झाला आणि १८८२ च्या सुरुवातीला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाला. का राजाराम? फार मोठं कारण शोधू नका. ते जवळ होतं, माहितीचं होतं, खर्च कमी होता. आपल्याकडे नगरच्या, संगमनेरच्या, लोणीच्या कॉलेजात मुलं जातात ती याच कारणाने, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही.

अडचण पुढे आली. राजाराम कॉलेज तेव्हा नवं होतं, आणि बी.ए.पर्यंतचे सगळे वर्ग तिथे नव्हते. त्यामुळे गोपाळला मध्येच काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावं लागलं, आणि शेवटच्या टप्प्याला तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पोचला. तीन वर्षांत तीन कॉलेजं! आजच्या एखाद्या पालकाने ऐकलं तर म्हणेल, मुलगा भरकटलेला दिसतोय.

पण तो भरकटला नाही, आणि त्याचं एक साधं कारण आहे जे मला फार उशिरा लक्षात आलं. ही तिन्ही कॉलेजं एकाच मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ १८५७ चं. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक. कोल्हापुरात जे शिकला ते पुण्यात चालत होतं, पुण्यात जे झालं ते मुंबईत चालत होतं. कॉलेज बदललं तरी आधी घातलेलं वर्ष पाण्यात गेलं नाही.

आता हे आपल्या जिल्ह्याला लावून बघा. अहिल्यानगर, पुणे आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली बहुतेक पारंपरिक कॉलेजं एकाच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. ज्या मुलाचं ठरलेलं नाही, त्याने पहिलं वर्ष घराजवळच्या कॉलेजात केलं, स्वतःला काय जमतं ते पाहिलं, आणि दुसऱ्या वर्षी गरज वाटली तर त्याच विद्यापीठाच्या पुण्यातल्या कॉलेजात जागा शोधली, हा रस्ता बंद नाही. पुण्याची खोली आणि मेस यांचं एक वर्ष वाचतं. फक्त एक खबरदारी घ्या. स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम आपण ठरवतात आणि खासगी विद्यापीठांचं तर सगळंच वेगळं असतं. तिथून इकडे किंवा इकडून तिकडे येताना विषय जुळतीलच असं नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजाच्या नावापुढे आधी हे लिहा: विद्यापीठ कोणतं, स्वायत्त आहे का, आणि दुसऱ्या वर्षाला बाहेरून आलेल्या मुलांना घेतात का. तिच्या अकरा नावांपुढे आम्ही हे लिहायला बसलो तेव्हा चार कॉलेजांचं तिला काहीच सांगता येईना. ती चार आधी बाजूला काढली.

एल्फिन्स्टनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे गोपाळला महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भावाच्या पगाराहून जास्त! आणि तिथे शिकवणारी माणसं मोठी होती. प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ म्हणजे इंग्रजी कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू, आणि गणिताला हॉथॉर्नथ्वेट. कोकणातून आलेल्या या लाजाळू मुलाला इंग्रजी भाषा आणि गणित या दोन्हींची गोडी तिथे पक्की झाली. त्याचं पाठांतर जबर होतं, पुस्तकांची पानंच्या पानं त्याला तोंडपाठ असायची. पण भाषेचा माणूस व्हायचं की आकड्यांचा, हे तिथे ठरलं नाही. ठरवायची तेव्हा गरजही पडली नाही, कारण कॉलेजने दोन्ही दारं उघडी ठेवली होती. १८८४ मध्ये, अठराव्या वर्षी तो बी.ए. झाला, दुसऱ्या वर्गात. हो, दुसऱ्या वर्गात. हे त्या मुलीला सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहायला तुम्ही हवे होतात.

बी.ए. झाल्यावरचा गोंधळ

खरा गोंधळ पदवीनंतर सुरू झाला. हाताशी पदवी, घरी भाऊ पगाराची वाट बघतोय, आणि समोर चार रस्ते.

पहिला रस्ता इंजिनिअरिंगचा. गणित चांगलं, मग इंजिनिअर हो, हा सल्ला त्या काळीही होताच म्हणायचा. गोपाळने पुण्यात इंजिनिअरिंगच्या वर्गाला नाव घातलं. हेच कॉलेज पुढे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं, ज्याच्या नावासाठी आजही मुलं रात्र रात्र अभ्यास करतात. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की हे आपलं काम नव्हे, आणि त्याने ते सोडलं.

इथे मी जरा थांबते. नामांकित कॉलेज, मिळालेला प्रवेश, आणि मुलगा म्हणतोय मला हे नको. तुम्ही काय केलं असतं? आपल्यापैकी बहुतेकांनी समजूत काढली असती, एक वर्ष काढ, सवय होईल. मग दुसरं वर्ष, मग एवढे पैसे घातले आता मागे कसं यायचं. गोपाळजवळ घालायला तेवढे पैसेच नव्हते. माझ्या मते गरिबीने त्याचं इथे भलं केलं. चुकलेला प्रवेश त्याने काही दिवसांत मोडला, काही वर्षांत नव्हे.

म्हणून मी पालकांना सांगते, कॉलेज बघताना बाहेर पडायचा रस्ताही विचारून ठेवा. प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख कोणती, त्या तारखेच्या आत सोडलं तर फीमधले किती पैसे परत, तारखेनंतर किती. हे माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, पण आपण फोटोच बघत बसतो. आणि दाखला, गुणपत्रिका अशी मूळ कागदपत्रं कॉलेजने तपासून परत द्यायची असतात, अडकवून ठेवायची नसतात, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. माझ्याच नात्यातल्या एका मुलाचे कागद एका संस्थेने महिनाभर दिले नव्हते, तेवढ्यात दुसरीकडची फेरी होऊन गेली. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगते.

दुसरा रस्ता आय.सी.एस.चा, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर व्हायचा. हाही विचार गोपाळच्या मनात होता. पण परीक्षा फक्त लंडनला व्हायची, आणि वयाची अट त्या काळात १९ वर्षांची होती. हिशोब करून बघा. जन्म मे १८६६, बी.ए. १८८४. हातात मोजके महिने, आणि बोटीचे पैसे कुठून आणणार? हुशारी असूनही हे दार वयाने आणि पैशाने बंद झालं. मुलांना हा हिशोब करायला लावा. कोणत्या परीक्षेला वय किती लागतं, किती वेळा देता येते, पात्रतेला कोणती पदवी चालते. एम.पी.एस.सी.ची राज्यसेवा, यू.पी.एस.सी.ची नागरी सेवा, बहुतेक बँकांच्या परीक्षा यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे बारावीच्या कितीतरी मुलांना माहीत नसतं. ज्याला तिकडे जायचं आहे त्याने आवडीच्या विषयात शांतपणे पदवी घ्यावी.

तिसरा रस्ता वकिलीचा. यात मान होता, पैसा होता, आणि घरच्या माणसांना हवाहवासा वाटावा असा हा रस्ता. गोपाळने कायद्याचा अभ्यास सुरूही केला. पण अभ्यास चालू असताना पोट भरायला काहीतरी हवं होतं, म्हणून १८८५ च्या सुरुवातीला त्याने पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. पगार ३५ रुपये. तात्पुरती सोय म्हणून!

आणि हाच चौथा रस्ता निघाला.

तात्पुरती नोकरी

ही शाळा १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी काढलेली. आगरकरही लवकरच येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. चिपळूणकर तोवर हयात नव्हते, पण गोपाळराव आले तेव्हा तिथली बाकीची बहुतेक माणसं तिशीच्या आतली किंवा जेमतेम तिशीची, खिसे रिकामे आणि डोक्यात शाळा. (टिळकांनी स्वतः डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यासापेक्षा तालमीत जास्त घालवलं होतं. तेव्हा पहिल्या वर्षाला आपला पोरगा रमला नाही म्हणून लगेच कपाळाला हात लावू नका.)

अशा माणसांत राहिल्यावर वकिलीचं पुस्तक हळूहळू बाजूला पडलं. १८८६ मध्ये गोपाळराव संस्थेचे आजीव सदस्य झाले. म्हणजे वीस वर्षं थोड्या पगारात इथेच शिकवायचं, हे कबूल केलं. वय वीस. ज्या भावाने शाळा सोडून आठ-आठ रुपये पाठवले त्याला वकिलीचा पैसा दिसणार नव्हता. हा निर्णय सोपा गेला असेल असं मला वाटत नाही.

आता विषयाचं बघा. मुलाने कोणता मुख्य विषय घ्यावा म्हणून आपण रात्रीची झोप घालवतो, आणि हा माणूस प्राध्यापक म्हणून एका विषयावर बसलाच नाही. आधी इंग्रजी शिकवलं. मग टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडल्यावर गणिताचे तास घेतले. पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र. जो तास रिकामा, तो गोखल्यांनी घ्यायचा! आम्हा दोनशिक्षकी शाळेतल्या लोकांना हे ऐकून अगदी घरचं वाटतं. पहिली ते चौथी, भाषा ते परिसर अभ्यास, आणि वर शालेय पोषण आहाराची नोंदवहीसुद्धा.

पण त्यांचं एक वैशिष्ट्य होतं, जे आमच्यात नेहमी असतंच असं नाही. तास ज्या विषयाचा मिळेल त्याची तयारी पूर्ण असायची. गणित शिकवता शिकवता शाळांसाठी अंकगणिताचं पुस्तक तयार झालं, ते अनेक वर्षं चाललं, आणि त्याच्या उत्पन्नावर त्यांच्या घराला मोठा आधार झाला. सुट्टी लागली की फर्ग्युसनच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरायचे.

अर्थशास्त्राची गोष्ट तर सगळ्यात महत्त्वाची. हा विषय त्यांना खऱ्या अर्थाने शिकवला तो न्यायमूर्ती रानड्यांनी, आणि तेही पदवी मिळून काही वर्षं झाल्यावर. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, टिपण करायचं, रानड्यांना दाखवायचं, चूक निघाली की परत करायचं. रानडे १९०१ मध्ये गेले, तोवर हे चालू होतं. ज्या विषयाने गोखल्यांना देशात नाव दिलं तो विषय कॉलेज निवडताना त्यांच्या यादीतही नव्हता. १८९७ मध्ये ते लंडनला वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला गेले. १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलले. मिठावरचा कर, शिक्षणावरचा तुटपुंजा खर्च, सगळं आकड्यांनिशी. गणिताची सवय, इंग्रजीवरची पकड आणि रानड्यांकडची ती शिकवणी, हे सगळं एका भाषणात एकत्र आलं.

१९०२ मध्येच ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन महिना ३० रुपये. पहिल्या पगारापेक्षा पाच रुपयांनी कमी. पुढचं तुम्हाला पुस्तकांतून माहीत आहे: १९०५ ला भारत सेवक समाजाची स्थापना, त्याच वर्षी बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद, १९१२ ला दक्षिण आफ्रिकेचा दौरा. ते मी इथे लांबवत नाही.

आपल्याशी संबंध असलेलं विधेयक

एक गोष्ट मात्र शिक्षक म्हणून सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची करायची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, सुरुवात मुलांपासून आणि पुढे मुलींसाठीही, आणि ज्या पालकांचं उत्पन्न महिना १० रुपयांहून कमी आहे त्यांच्याकडून फी घेऊ नये. मागणी किती साधी होती बघा. तरीही मार्च १९१२ मध्ये ते विधेयक पडलं. बाजूने १३ मतं, विरोधात ३८. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते, तसे आपले काही श्रीमंत लोकही होते.

हरल्यावर तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ ला, पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ४८. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारा कायदा आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या मागणीनंतर जवळपास शंभर वर्षांनी. पटसंख्या भरायला आपण उन्हात वस्तीवर फिरतो, शाळाबाह्य मूल शोधतो, तेव्हा मला त्या १३ मतांची आठवण येते. आणि १० रुपयांच्या आतली ती अट १५ रुपये पगारावर घर चालवणाऱ्या भावाच्या आठवणीतून आली असेल का, असंही वाटून जातं. हा माझा अंदाज आहे, पुराव्याचं काही नाही.

पुन्हा त्या यादीकडे

माझं स्वतःचं सांगू का? मी बारावी सायन्सनंतर डी.एड.ला गेले ती नंबर लागला म्हणून. शिक्षिका व्हायचं असं लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे नव्हतं. दोन वर्षांत काम हाताला लागेल, एवढाच घरचा हिशोब. मला ते काम आवडलं, हे नशीब. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणींना नंतर वर्षानुवर्षं भरतीच मिळाली नाही, आणि त्या पदविकेवर दुसरं काही करताही येत नव्हतं. एकाच दाराची खोली होती ती. म्हणून ज्याचं ठरलेलं नाही अशा मुलाला मी एका दाराच्या खोलीत लगेच पाठवत नाही.

त्या दिवशी आम्ही उरलेली सात नावं याच नजरेने पाहिली. नर्सिंग आणि बी.फार्म.ची दोन कॉलेजं होती. दोन्ही चांगले अभ्यासक्रम, ज्याला तेच करायचं आहे त्याच्यासाठी. तिला रक्त पाहिलं की चक्कर येते आणि रसायनशास्त्रात सगळ्यात कमी मार्क, मग ती यादीत आलीच कशी? मैत्रिणी चालल्या म्हणून. दोन्ही काढली. एक इंजिनिअरिंगचं होतं. त्याचं पहिलं वर्ष बरंचसं सगळ्या शाखांना सारखं असतं हे खरं, पण शाखा बदलायला जागा आणि मार्क दोन्ही लागतात, आणि तिने सी.ई.टी. मनापासून दिलेलीच नव्हती. तेही गेलं.

राहिली चार. कृषी पदवीचं एक कॉलेज, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी जोडलेलं. तिच्या वडिलांना ते नको होतं, शेतीतून बाहेर पडायला तर शिकवतोय म्हणाले. मी त्यांना सांगितलं की त्या चार वर्षांत माती, कीड, फळबाग, हवामान, अर्थशास्त्र असं खूप काही थोडं थोडं शिकवतात, म्हणजे ठरलेलं नसलेल्याला ते वाईट नाही. ते गप्प राहिले, पण नाव खोडलं नाही. उरलेली तीन बी.एस्सी.ची: एक नगरचं, एक संगमनेरचं, एक पुण्याचं.

बी.एस्सी.ला माझ्या भावाच्या वेळी पहिल्या वर्षी चार विषय असायचे आणि शेवटच्या वर्षाला एक उरायचा. आता नव्या शैक्षणिक धोरणाने नावं बदलली, मेजर-मायनर आलं, पण पहिल्या वर्षी दोन-तीन विषय चाखून मुख्य विषय नंतर पक्का करायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. कुठे आहे आणि कुठे नाही, ते तिथे जाऊनच विचारावं लागतं. तिथे जास्त विषय म्हणजे कागदावरचे विषय मोजू नका. भूगोल, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र असं सगळं पुस्तिकेत असतं, आणि शिकवायला माणूस नसतो. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक किती, प्रयोगशाळा उघडी असते का, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनजवळ गाठून विचारा. गोखल्यांना एल्फिन्स्टनमध्ये जे मिळालं ते पाटीवरच्या नावातून आलं नव्हतं. वर्ड्‌स्वर्थ रोज वर्गात येत होते, त्यातून आलं होतं.

शेवटी खर्च. तिच्या वडिलांनी खिशातून पेन काढलं आणि प्रत्येक कॉलेजासमोर महिन्याचा आकडा मांडला: एस.टी.चा पास किंवा हॉस्टेल, मेस, फी भागिले बारा, मोबाईलचा रिचार्ज. शिष्यवृत्तीचा रकाना वेगळा ठेवला आणि त्यात पैसे मिळतीलच असं धरायचं नाही असं ठरलं, कारण ते कधी येतात हे आपल्याला माहीत आहे. पुण्याचा आकडा नगरच्या जवळपास तिप्पट निघाला. मुलीने तो बराच वेळ पाहिला, आणि पुणे दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवते असं स्वतःच म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत तिसरीला आहे. तो एवढा वेळ दाराशी उभा राहून ऐकत होता. गोविंद नोकरीला गेला मग त्याने शाळा पुन्हा कधी सुरू केली, असं त्याने मला विचारलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली होती, पोरं हात धुवून वर्गात शिरत होती. मी त्याला आत बसवलं. बाप-लेक मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने आधी नगरचं आणि मग संगमनेरचं कॉलेज बघायला जाणार होते.